नदीची शाळा उन्हाळ्यात भरावी

मे महिना उजाडला की शाळा-महाविद्यालयांना कुलपे लागतात, प्रयोगशाळांतील काचपात्रे कपाटांत जाऊन बसतात आणि विद्यार्थी मामाच्या गावी किंवा लग्नकार्यांना निघून जातात. नेमक्या याच दिवसांत आपली तापी नदी सर्वांत अशक्त झालेली असते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी तिची धार आता खडकांच्या फटींतून कशीबशी पुढे सरकते आणि जागोजागी डोह तेवढे शिल्लक राहतात. माणसाची प्रकृती कशी आहे हे त्याच्या आजारपणात कळते. नदीचेही तसेच आहे. तिची प्रकृती तपासण्याचा जो योग्य काळ, तोच आपण सुटीसाठी राखून ठेविला आहे. या विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधावे आणि तिच्यावर एक उपाय सुचवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो उपाय असा : तापीच्या खोऱ्यातील विद्यापीठांनी दर उन्हाळ्यात गोड्या पाण्यातील जीवसृष्टी आणि जलप्रदूषण या विषयांचा एक निवासी अभ्यासवर्ग प्रत्यक्ष नदीकाठी भरवावा, त्यात आसपासच्या शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलामुलींना सामावून घ्यावे, आणि त्याचे पहिले ठाणे तुकईथडच्या परिसरात असावे.

‘थड’ हा शब्द मराठी माणसास परका नाही. गंगथडी, भीमथडी ही नावे आपण इतिहासात वाचतो. ऐलथडीवरून पैलथडीला हाक घातल्याच्या गोष्टी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतो. तुकईथड या नावाची व्युत्पत्ती कोणी कशीही लावो, ते नाव कानी पडताच नदीकाठ डोळ्यांपुढे उभा राहतो हे खरे. बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५२ मीटर उंचीवर तापीचा उगम आहे. सातपुड्याच्या रांगांतून वाट काढीत आणि मेळघाटाच्या कडेने येत ती आपल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात उतरते. पुढे खानदेश व गुजरात ओलांडून सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्रास मिळते. तिची लांबी ७२४ किलोमीटर, आणि तिच्या खोऱ्याचा विस्तार सुमारे ६५,१४५ चौरस किलोमीटर. मेळघाटातील खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या तिच्याच पदरात आपले पाणी टाकतात. तीन राज्यांना पोसणारी ही नदी आपल्या इतक्या जवळून वाहते. तथापि तिच्याविषयी आपणांस काय ठाऊक आहे, असा प्रश्न एखाद्याने विचारला तर भूगोलाच्या पुस्तकातील या चार आकड्यांपलीकडे आपली मजल सहसा जात नाही.

क्षेत्रात जाऊन शिकण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९०९ साली डग्लस नावाच्या सरोवराच्या काठी आपले जीवशास्त्रीय केंद्र उघडले. तेथे उन्हाळ्यात विद्यार्थी व प्राध्यापक एकत्र राहतात, दिवसा सरोवरात आणि ओढ्यांत काम करतात आणि रात्री सूक्ष्मदर्शकाखाली दिवसाची कमाई तपासतात. शंभराहून अधिक वर्षे हा क्रम चालू आहे. इंग्लंडात १९२९ मध्ये गोड्या पाण्याच्या जीवशास्त्राला वाहिलेली एक संस्था स्थापन झाली आणि तिने विंडरमिअर सरोवराच्या काठी आपले बिऱ्हाड थाटले. त्या सरोवराच्या पाण्याच्या नियमित नोंदी १९४० च्या दशकापासून ठेवल्या जात असल्यामुळे, पाणी कधी बिघडू लागले आणि कोणत्या उपायाने सुधारले, हे तेथील लोक आज पुराव्यानिशी सांगू शकतात. अशा नोंदी एका रात्रीत तयार होत नाहीत. त्या पिढ्यापिढ्यांच्या वह्यांतून साचत जातात, आणि म्हणूनच त्या पैसा टाकून विकत घेता येत नाहीत.

आपल्या देशातही या गोष्टीची जाणीव नव्हती असे नाही. पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर दिले जावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा एक समान अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. त्या आराखड्यात एकूण ५० तासिकांपैकी ५ तासिका क्षेत्रकार्याला दिल्या होत्या आणि १०० पैकी २५ गुण त्यासाठी ठेविले होते. नदी, तळे, डोंगर किंवा प्रदूषित ठिकाण प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद करावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. हेतू उत्तमच होता. परंतु व्यवहारात काय घडले, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. दुकानातून चित्रांचे तक्ते आणावेत, मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही उतरून काढावी, मुखपृष्ठावर रंगीत कागद चिकटवावा आणि शिक्षकांची सही घ्यावी, म्हणजे झाला प्रकल्प ! पाच तासिकांत नदी कळत नाही. आणि नदीवर न जाता लिहिलेल्या वहीत ती मुळीच सापडत नाही. दोष केवळ विद्यार्थ्यांना देऊन भागणार नाही. जे काम दहा दिवसांचे आहे ते आपण पाच तासांत बसवू पाहिले, यात खरी चूक आहे.

आता उन्हाळाच का, ते पाहू. नदीत मिसळणारे सांडपाणी वर्षभर थोड्याफार फरकाने तेवढेच असते. परंतु त्याला पातळ करणारे पाणी मात्र ऋतूप्रमाणे बदलते. श्रावणात जी घाण हजार घागरींत विरून जाते, तीच वैशाखात दहा घागरींच्या वाट्याला येते. दुसरे कारण उष्णतेचे. पाण्यातील मासे आणि किडे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात, आणि पाणी जितके तापेल तितका त्यात कमी प्राणवायू मावतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लीटर स्वच्छ पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमांच्या आसपास येतो आणि ३५ अंशांस सातवर उतरतो. इकडे उष्णतेमुळे जिवाणूंची भूक मात्र वाढते. ते कुजणारा पदार्थ अधिक वेगाने फस्त करतात आणि त्यासाठी अधिक प्राणवायू ओढून घेतात. म्हणजे जमा कमी आणि खर्च अधिक, अशी नदीची उन्हाळ्यातील स्थिती असते. वर्षातून एकदाच जमाखर्च तपासायचा असेल, तर तो तंगीच्या दिवसांत तपासणे शहाणपणाचे.

आणि नदीकाठीच मुक्काम का? पाणी बाटलीत भरून शहरातील प्रयोगशाळेत का नेऊ नये? याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. बाटलीत भरलेले पाणी वाटेत तसेच राहत नाही. त्यातील जिवाणू प्राणवायू खातच असतात. हंगेरीतील रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ साली विरघळलेला प्राणवायू मोजण्याची जी रीत शोधून काढली, ती आजही प्रमाण मानली जाते. तिच्यात नदीतून बाटली काढताच काठावरच तिच्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कयुक्त आयोडाइड घालावे लागते. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. मुळीच नसेल तर तो पांढराच राहतो. नदीच्या श्वासाचा हा रंग आपल्या डोळ्यांदेखत बदलताना ज्या मुलाने एकदा पाहिला, त्याला प्राणवायूची व्याख्या पुन्हा पाठ करावी लागणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट रात्रीची आहे. शेवाळाने हिरवा झालेला डोह दुपारी तीन वाजता तपासला तर त्यात प्राणवायू भरपूर आढळतो, कारण सूर्यप्रकाशात हिरव्या वनस्पती तो निर्माण करीत असतात. मात्र सूर्य मावळल्यावर तीच वनस्पती रात्रभर प्राणवायू घेत राहते आणि पहाटे, उजाडण्यापूर्वी, त्याचे प्रमाण सर्वांत खाली जाते. डोहातील मासे पहाटे तोंड वर काढून तडफडतात किंवा सकाळी मरून तरंगताना दिसतात, त्याचे एक कारण हे आहे. कचेरीच्या वेळात येऊन बाटली भरून नेणाऱ्यास हे कसे कळावे? शासकीय ठाण्यांवरील नमुने महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा घेतले जातात. त्यांचे महत्त्व आहेच, परंतु दर तीन तासांनी, अहोरात्र, एकाच डोहाची नाडी पाहावयाची असेल तर काठावर वस्तीला राहणारी माणसे पाहिजेत. दहा-वीस उत्साही विद्यार्थ्यांखेरीज हे काम कोण करणार?

रसायनांच्या पलीकडे नदीचे दुसरे साक्षीदार आहेत, ते म्हणजे तिच्यातील जीव. बाटलीतील पाणी त्या क्षणाची हकिगत सांगते. दगडाखाली महिनोन् महिने राहणारा किडा गेल्या साऱ्या ऋतूची हकिगत सांगतो. काल रात्री कोणी घाण सोडून दिली आणि आज पाणी पुन्हा निवळले, तरी त्या किड्याच्या मरणाची नोंद पुसली जात नाही. कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच, कोणते जीव कोणत्या प्रतीच्या पाण्यात आढळतात याच्या याद्या तयार केल्या होत्या. वाहत्या खळाळातील दगड उचलून पाहावा. त्याच्या खालच्या अंगास चपट्या शरीराची, शेपटीकडे दोन-तीन बारीक तंतू असलेली पिल्ले चिकटलेली दिसली, किंवा वाळूचे कण जोडून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधणाऱ्या अळ्या आढळल्या, तर पाण्यात प्राणवायू मुबलक आहे असे समजावे. चतुर आणि टाचण्या यांची पिल्ले, शिंपले, गोगलगायी यांचीही आपापली साक्ष असते. उलट, चिखलात लाल दोऱ्यासारख्या अळ्यांची आणि बारीक गांडुळांची गर्दी उसळलेली असेल आणि दुसरे काहीच सापडत नसेल, तर नदीचा जीव गुदमरत आहे हे ओळखावे. त्या अळ्यांचा लाल रंग हा आपल्या रक्तातील द्रव्यासारख्याच द्रव्याचा असतो. अत्यल्प प्राणवायूतही तग धरण्याची ती निसर्गाची योजना आहे.

अमेरिकेतील रूथ पॅट्रिक या विदुषीने १९४८ साली पेनसिल्व्हानिया राज्यातील कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्यात निरनिराळ्या विषयांचे तज्ज्ञ एकत्र नेऊन हीच तपासणी व्यापक प्रमाणावर केली. निरोगी नदीत जीवांच्या जाती पुष्कळ असतात आणि प्रत्येक जातीची संख्या बेताची असते; बिघडलेल्या नदीत जाती मोजक्या उरतात आणि त्यांतील एखाद-दुसरीच बेसुमार वाढते, हा नियम अशा अभ्यासांतून दृढ झाला. हा नियम समजण्यास पदवीची आवश्यकता नाही. बारीक जाळीचा एक तुकडा, पांढरे ताट, भिंग आणि मोजण्याची चिकाटी एवढे भांडवल आठवीतल्या मुलीलाही पुरेसे आहे.

आता तुकईथडकडे वळू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३२३ नद्यांवरील ३५१ प्रदूषित टप्प्यांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत आपल्या तापीचा नेपानगर ते बऱ्हाणपूर हा टप्पा होता. मंडळाने २०२२ मध्ये केलेल्या पुढील पाहणीत देशातील टप्प्यांची संख्या ३११ वर आली, तरीही महाराष्ट्रात ५५ आणि मध्य प्रदेशात १९ टप्पे नोंदले गेले. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातील घाण कुजविण्यासाठी जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लीटरमागे ३ मिलिग्रॅमांहून अधिक आढळला की तो टप्पा या यादीत जातो. स्नानासाठी योग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लीटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, असाही दंडक आहे.

तुकईथड या टप्प्याच्या वरच्या अंगास आहे, आणि माझ्या मते हीच त्याची शास्त्रीय थोरवी होय. येथपर्यंतचा तापीचा प्रवास मुख्यत्वे डोंगर, जंगल आणि खेड्यांतील शेती यांतून होतो. खाली नदीत किती बिघाड झाला हे ठरवावयाचे, तर बिघाडापूर्वीची नदी कशी होती हे आधी ठाऊक असले पाहिजे. वैद्य ताप मोजतो तेव्हा निरोगी शरीराची उष्णता किती असते हे त्याला माहीत असते. नदीच्या बाबतीत ते माप ठरविण्याचे ठिकाण वरच्या अंगासच शोधावे लागते. एकाच दिवशी एक तुकडी तुकईथडच्या परिसरात, दुसरी नेपानगरच्या खाली, तिसरी बऱ्हाणपूरच्या घाटांवर आणि चौथी शहराच्या खाली काही मैलांवर बसावी. चौघींनी एकाच रीतीने प्राणवायू मोजावा आणि दगडांखालचे जीव मोजावेत. मग वरच्या तुकडीची वही बाकीच्या तिन्ही वह्यांचा अर्थ लावील. घाण मिसळल्यानंतर प्राणवायू काही अंतरापर्यंत खाली जातो आणि नदीला उसंत मिळाली तर पुढे हळूहळू पूर्ववत होतो, हे स्ट्रीटर व फेल्प्स यांनी १९२५ साली ओहायो नदीच्या अभ्यासावरून गणिताने मांडले. आपल्या तापीला ही उसंत किती अंतरावर मिळते, की मिळतच नाही, हे आपल्याच मुलांनी शोधून काढावे. येथे कोणा कारखान्यावर, नगरावर किंवा केळीच्या बागाइतदारावर आगाऊ ठपका ठेवण्याचा हेतू नाही. नदीत घाण अनेक वाटांनी येते. कोणत्या वाटेने किती, हे मोजल्यावाचून बोलणे हा न्याय नव्हे. वरच्या ठाण्यावरही नदी आपण समजतो तितकी निर्मळ नाही असे आढळले, तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवावे लागेल.

हे काम आताच हाती घ्यावे, यालाही कारणे आहेत. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा देशातील पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. २५४ गावांच्या ग्रामसभांनी घरोघरी नळ आल्याचे ठराव केले. आयाबहिणींच्या डोक्यावरची घागर उतरली, ही परम समाधानाची गोष्ट आहे. तथापि पूर्वी जी माणसे पाण्यासाठी रोज नदीवर जात, त्यांना पाण्याचा रंग, वास, माशांची हालचाल यांतील बदल तत्काळ जाणवे. नळ घरी आल्यावर नदीकडे पाहणारे डोळे कमी झाले. ज्या नदीकडे कोणी पाहत नाही, तिचे दुखणे वाढल्यावरच लक्षात येते. जलजीवन अभियानात प्रत्येक गावच्या पाच महिलांना पाणीतपासणी शिकविण्याची तरतूद आहे. ती नळाच्या पाण्यासाठी आहे. नदीसाठी अशी योजना शाळा आणि विद्यापीठे यांनीच केली पाहिजे.

दुसरे कारण याहूनही निकडीचे आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांनी तापी खोरे महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. दोन्ही राज्यांच्या सीमेवर खारिया गुटीघाट येथे ८.३१ अब्ज घनफूट क्षमतेचा वळणबंधारा बांधावा आणि कालव्यांवाटे पाणी नेऊन खोऱ्यातील खालावलेली भूजलपातळी वाढवावी, अशी ती कल्पना आहे. बऱ्हाणपूर आणि खानदेशातील विहिरी ज्या वेगाने खोल गेल्या, तो पाहता या योजनेची शेतकऱ्यास आस लागावी हे स्वाभाविक आहे. परंतु वाहती नदी अडविली म्हणजे तिचे खळाळ, तिचे तापमान, तिच्यातील माशांची ये-जा, सारेच बदलते. बंधारा झाल्यावर नदी सुधारली असे एक पक्ष म्हणेल, बिघडली असे दुसरा म्हणेल. आणि बंधाऱ्यापूर्वीची नोंद नसेल तर दोघेही आपापल्या परीने खरेच ठरतील. देडतलाई येथे केंद्रीय जल आयोगाचे जलमापन केंद्र आहे. तापीतून किती पाणी वाहून गेले हे तेथे मोजले जाते. त्या पाण्यात काय जगत होते, याची वही अजून उघडावयाची आहे. ती उघडण्याची वेळ बंधारा पुरा झाल्यावर निघून गेलेली असेल.

हा वर्ग कोणी भरवावा? खरगोन येथे २०२४ साली क्रांतिसूर्य टंट्या भिल विद्यापीठ सुरू झाले आहे. खाली जळगावला १९९० पासूनचे विद्यापीठ आहे आणि २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव अभिमानाने मिरविते. मेळघाट ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, तेथे संत गाडगे बाबांच्या नावाचे विद्यापीठ आहे. राज्यांच्या सीमा कागदावर असतात. नदी त्या मानीत नाही. या तिन्ही विद्यापीठांनी आळीपाळीने यजमानपद घ्यावे. बारा दिवसांचा वर्ग पुरेसा आहे. पहिले दोन दिवस उपकरणांची ओळख आणि पाण्याजवळ वागण्याचे नियम. पुढचे सहा दिवस निरनिराळ्या ठाण्यांवर मोजणी. एक अहोरात्र डोहाची जागरणी. दोन दिवस हिशेब आणि आलेख. आणि शेवटच्या दिवशी गावच्या चावडीवर, गावकऱ्यांच्या समक्ष, मराठीत, हिंदीत आणि शक्य तर कोरकूत निष्कर्षांचे वाचन. हा शेवटचा दिवस गाळू नये. नदी ज्यांची आहे त्यांना उत्तर न देता अहवाल शहरात नेऊन ठेवणे ही एक प्रकारची कृतघ्नताच होय. तसेच नदीत मासे धरणारी आणि काठच्या रानात वावरणारी कोरकू व अन्य मंडळी या वर्गात शिक्षक म्हणून असावीत. कोणत्या डोहात कोणता मासा अंडी घालतो आणि कोणता मासा कितीएक वर्षांत दिसलाच नाही, हे त्यांच्याइतके कोणत्याही ग्रंथाला ठाऊक नाही.

यावर आक्षेप घेतले जातील, आणि त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप उन्हाचा. आपल्याकडील मे महिन्यातील ऊन सोसण्यासारखे नसते हे खरे. यास्तव काम पहाटे पाच ते नऊ आणि सायंकाळी पाचनंतर करावे, मधला वेळ झाडाखाली किंवा शाळेच्या इमारतीत भिंग आणि वही घेऊन काढावा. शेतकरी आपली उन्हाळी कामे याच वेळापत्रकाने उरकतो. दुसरा आक्षेप जिवाच्या भीतीचा. डोह फसवे असतात. म्हणून गुडघ्याच्या वर पाण्यात कोणी शिरू नये, एकट्याने काठावर जाऊ नये, पोहणारा जाणता माणूस आणि दोर सदैव हाताशी असावा, आणि घाण पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी शिदोरी सोडू नये. पालकांना ही हमी लेखी मिळाली पाहिजे. मुलींची राहण्याची नीट व्यवस्था नसेल, तर वर्ग भरवूच नये. तिसरा आक्षेप खर्चाचा. महाग यंत्रे लागतीलच असे नाही. तापमापक, जाळी, भिंगे, काचेच्या बाट्या, थोडी रसायने, आणि पाण्याची पारदर्शकता पाहण्यासाठी दोरीला बांधलेली काळीपांढरी तबकडी एवढ्यावर आरंभ होतो. ही तबकडी इटालियन पाद्री आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली वापरात आणली, आणि आजही तिच्याहून सोपे साधन कोणास सुचलेले नाही.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांनी किडे मोजल्याने प्रदूषण थांबणार आहे काय, असे पुष्कळ लोक विचारतील. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, मंडळे आहेत, अभियंते आहेत. तेथे पोरांचे काय काम? उत्तर असे की, मोजणीने प्रदूषण थांबत नाही; परंतु मोजणीवाचून ते थांबल्याचे एकही उदाहरण मला ठाऊक नाही. कायदा पुराव्यावर चालतो, आणि पुरावा अखंड नोंदींतून उभा राहतो. शिवाय आजची ही मुलेच उद्याचे अभियंते, नगरसेवक, कारखान्यांचे व्यवस्थापक आणि बागाइतदार होणार आहेत. ज्याने पंधराव्या वर्षी बाटलीतील साका पांढरा राहिलेला पाहिला, तो चाळिसाव्या वर्षी सांडपाण्याच्या नळावर सही करताना क्षणभर थांबेल, अशी आशा ठेवण्यास जागा आहे. हे काम सहलीने होत नाही. सहलीत नदी ही फोटो काढण्याची जागा असते. अभ्यासवर्गात तिच्याकडे पुन्हा पुन्हा, त्याच ठिकाणी, त्याच वेळी जावे लागते, आणि कंटाळा आला तरी आकडा खराच लिहावा लागतो. खरा आकडा लिहिण्याची ही सवय विज्ञानाइतकीच चारित्र्याचीही शिकवण आहे.

बऱ्हाणपूरला पाण्याच्या विद्येचे वावडे कधीच नव्हते. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना यांच्या कारकिर्दीत, सातपुड्याच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी आणि कुंड्यांच्या मालिकेने शहरापर्यंत आणले गेले. तेच आपले कुंडी भंडारा. इराणी जाणकाराने आधी जमिनीची पारख केली आणि मग काम मांडले, असे सांगतात. पंपावाचून, केवळ उताराच्या बळावर चालणारी ही रचना २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ती बांधणाऱ्यांना यंत्रे उपलब्ध नव्हती. पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे पायी हिंडून पाहण्याची चिकाटी मात्र होती. त्यांच्या गावात राहणाऱ्या आपण नदीला पाठमोरे होऊन बसावे, हे आपणांस शोभत नाही.

विद्यार्थी मित्रहो, विद्यापीठे आपला निर्णय यथावकाश घेतील. त्यासाठी थांबून राहण्याचे कारण नाही. येत्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या व पालकांच्या संमतीने चौघाचौघांचे गट करा आणि नदीवरील एकच जागा निवडा. दर रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी पाण्याचे तापमान, रंग, वास, धारेची रुंदी आणि पाच दगडांखाली सापडलेले जीव एका वहीत तारीखवार लिहा. जीव पाहून झाल्यावर दगड होता तसा परत ठेवा. नाव माहीत नसेल तर चित्र काढा. वही संपली की ती शाळेच्या ग्रंथालयात द्या, म्हणजे पुढच्या वर्षीचा गट तिथूनच पुढे लिहू लागेल. अशा दहा वह्या झाल्या की विद्यापीठातील प्राध्यापक त्या पाहण्यासाठी आपल्या शाळेत येतील. आणि त्या दिवशी तापीविषयी प्रश्न ते विचारतील व उत्तरे तुम्ही द्याल.